साहेब सांगेपर्यंत

आई गेल्यानंतर बाबा दुपारचा डबा घेऊन माझ्या कामाच्या जागी येऊ लागले. "घरी एकट्याच्या घशाखाली घास उतरत नाही," असं ते पहिल्या दिवशी म्हणाले. पुढे कारण सांगायचंही त्यांनी सोडून दिलं. संग्रहालयाचा रखवालदार त्यांचा जुना विद्यार्थी निघाला, त्यामुळे त्यांना पास विचारायची कोणाची टाप नव्हती.

माझी कार्यशाळा तळमजल्यावर, इमारतीच्या मागच्या अंगाला आहे. उंच खिडक्या, मधोमध पत्रा ठोकलेलं लांब टेबल, कोपऱ्यात पाण्याचं पिंप आणि सगळ्यावर कायमचा एक पांढरा थर. प्लास्टरच्या जुन्या मूर्ती, नक्षीच्या पट्ट्या, साचे दुरुस्त करणं हे माझं काम. बाबा मला गवंडीण म्हणतात. "एवढी शिकवली, पण हात शेवटी कालवाकालवीतच," असं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात, आणि सांगताना त्यांना कौतुक लपवता येत नाही.

त्या हिवाळ्यात माझ्याकडे चेहरे आले.

इंग्रजांच्या राज्यात, राणीचा अंमल नुकताच सुरू झालेला असताना, पलटणीतला एक डॉक्टर साहेब गावोगाव फिरून लोकांच्या चेहऱ्यांवर प्लास्टर ओतायचा. नाक केवढं, कपाळ कसं, जबडा कुठे संपतो, यावरून कुठली माणसं राज्य करायला जन्मली आणि कुठली राबायला, हे त्याला शास्त्रानं सिद्ध करायचं होतं. नाही म्हणायची सोय कोणालाच नव्हती. साहेबाचा संग्रह तळघरातल्या पेट्यांत पडून होता. त्याची जोडीची प्रत साहेबाच्या देशात एका विद्यापीठात होती, आणि आता त्यांना आमचाही संच हवा होता. आमच्या संचालकबाई तयार झाल्या. मी चेहरे स्वच्छ करायचे, तडे भरायचे आणि खोक्यांत बांधून द्यायचे, एवढंच ठरलं होतं.

मी ते टेबलावर ओळीनं मांडले. जिवंत माणसाएवढे, पिवळट पांढरे, सगळ्यांचे डोळे मिटलेले. हनुवटीखाली खिळ्यानं कोरलेला धंदा: विणकर, नावाडी, लोहार, आया. नाव एकाचंही नाही. विणकराच्या भुवईतले दोनतीन केस अजून प्लास्टरमध्ये अडकलेले होते. साहेबांची मुलं सांभाळणारी ती आया अगदी कोवळ्या वयाची होती, आणि तिनं डोळे इतके घट्ट मिटले होते की पापण्यांच्या कडेला सुरकुत्या पडल्या होत्या.

बाबा डबा हातात धरून दारातच थांबले.

"नाकात भोकं कसली?" त्यांनी विचारलं.

"पिसाच्या पोकळ दांड्या घालायचे. श्वासासाठी. चेहऱ्याला तेल लावायचं, डोळे मिटायला सांगायचं आणि वर ओतायचं. घट्ट होईपर्यंत हलायचं नाही."

"आणि कळायचं कसं, घट्ट झालं ते?"

"ओतणारा सांगतो ना."

त्यांनी मान हलवली. मग टेबलाकडे वळून, वर्गात शिरताना करायचे तसा घसा साफ केला आणि म्हणाले, "बसा, बसा." मला हसू आलं. तेही हसले.

बाबांनी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला. इंग्रजांचं राज्य हा त्यांचा हातखंडा धडा. "इंग्रज आले, इंग्रज गेले, मधलं मात्र परीक्षेला येतं," असं म्हणून ते सुरुवात करायचे. पण तो धडा शिकवताना मागच्या बाकावरची मुलंसुद्धा गप्प असायची, असं रखवालदारानं मला सांगितलं होतं.

पहिली विचित्र गोष्ट मी काही दिवसांनी पाहिली. चेहऱ्यांच्या नाकपुड्यांखाली ओल धरत होती. प्लास्टर हवेतला दमटपणा शोषतं, हे मला नवीन नाही. पण हवा कोरडी होती, आणि ओल बाकी कुठेच नव्हती. मी टेबल खिडकीपासून लांब सरकवलं, पिंपाला झाकण लावलं. ओल राहिली. बाबांना सांगितलं तर त्यांनी चेष्टेनं आपला चष्मा काढला आणि काच विणकराच्या नाकाखाली धरली.

मग त्यांनी चष्मा सदऱ्याला पुसला आणि डोळ्यांवर चढवला.

"काय झालं?"

"काही नाही. जेवून घेऊ."

चेहरे परदेशी जाणार, हे त्यांना मी उशिराच सांगितलं. भाजीचा घास त्यांच्या हातातच राहिला.

"पुन्हा त्याच्याच दारात?"

"विद्यापीठ आहे बाबा. नीट ठेवतील. माफीचा फलकसुद्धा लावणार आहेत."

"फलक तू वाचशील, मी वाचीन. यांचे डोळे मिटलेत." मग घास डब्यात परत ठेवत म्हणाले, "यांचा अभ्यासक्रम अर्धवट राहिलाय, गवंडीण. यांना पुढचं काहीच माहीत नाही."

दुसऱ्या दिवसापासून जेवण झालं की ते खुर्ची ओढून टेबलाच्या टोकाशी बसायचे आणि शिकवायचे. मी एकीकडे तडे भरत असायची. सुरुवातीला मला ते म्हातारपणाचं खूळ वाटलं, पण गोड वाटलं. आई गेल्यापासून त्यांचा आवाज असा मोकळा झालेला मी ऐकला नव्हता. त्यांनी फसलेल्या उठावापासून सुरुवात केली, कारण तेवढं या लोकांनी पाहिलेलं असणार. मग आगगाडी. मग मागावरच्या कापडाचा धंदा कसा मोडला ते, विणकराकडे बघत, जरा हळू आवाजात. लोहाराला त्यांनी एकदा विचारलं, "कंटाळलास का रे?" आणि उत्तर मिळाल्यासारखे पुढे गेले.

दुष्काळाचा धडा दोन दिवस चालला. गोदामांत धान्य होतं आणि जहाजं भरून जात होती, हे सांगताना बाबा थांबले. पंखा बंद होता. त्या शांततेत मला जाणवलं की खोली ऐकते आहे. वर्ग ऐकतो तशी. तुम्ही कधी फळ्याकडे तोंड करून उभे असाल आणि पाठीमागे सगळे टक लावून असतील, तर मानेला जे कळतं, ते मला कळलं.

मी वळून पाहिलं. आयाच्या मिटलेल्या पापण्यांखाली दोन बारीक ओघळ होते. मी ब्रशनं टिपले. पाणीच होतं.

"आज एवढंच," बाबा म्हणाले.

खोकी आली, तशी त्यांनी माझ्याकडे एक हट्ट धरला. "माझ्या चेहऱ्यावर ओत."

"कशाला?"

"यांना शिकवतोय आणि यांचं दुखणं मला ठाऊक नाही. हे बरं नव्हे."

मी नको म्हटलं. छातीचं कारण दिलं, वयाचं दिलं. बाबांपुढे कारणं टिकत नाहीत. शेवटी टेबलाच्या एका कडेला चादर घालून त्यांना आडवं केलं, चेहऱ्याला तेल चोळलं. लहानपणी ते माझ्या केसांना लावायचे तसं. नाकात कागदाच्या नळ्या घातल्या.

"हलायचं नाही. मी सांगेपर्यंत डोळे उघडायचे नाहीत. गुदमरलं तर हात वर करा."

"बरं, बाई," ते म्हणाले आणि ओठ मिटले.

मी ओतलं. कपाळ गेलं, डोळे गेले, तोंड गेलं. माझ्या बाबांच्या जागी एक पांढरं ढेकूळ राहिलं आणि त्यातून दोन नळ्या. मी त्यांचा हात धरून ठेवला. नळ्यांतून श्वास आत जात होता, बाहेर येत होता. संथ, नीट.

मग माझ्या लक्षात आलं की तो आवाज एका माणसाचा नाही.

तो टेबलभर होता. आत. बाहेर. सगळे एका लयीत, जपून, अगदी थोडा थोडा श्वास घेत, जणू जास्त घेतला तर कोणी रागावेल.

मी बाबांचा हात सोडला नाही. दुसरीकडे पाहिलंही नाही.

प्लास्टर तापलं, निवलं, घट्ट झालं. मी ते सोडवलं. "उघडा," म्हटलं. त्यांनी लगेच उघडले नाहीत. उघडले तेव्हा ते लाल होते.

"मला वाटलं तू गेलीस."

"मी हात धरून होते, बाबा."

"तो कळत नाही गं. आत असं वाटतं की सांगणारा निघून गेलाय आणि आपण आपलं पडून आहोत." त्यांनी भुवयांतला चुरा झटकला. "यांचा साहेब सांगायचा राहून गेलाय."

"माणसं उठून घरी गेली असतील. म्हातारी होऊन मेली असतील."

"ती गेली. पण श्वास धरून जे इथे पडलंय, त्याला कोणी सांगितलं?"

मी वाटीतलं उरलेलं प्लास्टर खरवडायला घेतलं. श्वासांचं मी त्यांना सांगितलं नाही आणि त्यांनी विचारलं नाही. मला वाटतं, आम्ही दोघंही एकमेकांना जपत होतो.

शेवटच्या दिवशी बाबा इस्त्रीचा सदरा घालून आले. डबा त्यांनी आणलाच नव्हता. खोकी भिंतीशी उघडी पडली होती, संध्याकाळी गाडी येणार होती. खिडकीतून स्वच्छ ऊन टेबलावर पडलं होतं.

ते आज बसले नाहीत. दोन महायुद्धं, तुरुंग, मिठासाठी चाललेली माणसं, गोळ्या, फाळणीत सांडलेलं रक्त, सगळं त्यांनी उभ्यानं सांगितलं. काही झाकलं नाही. गेलेल्यांचे गोडवे गायले नाहीत आणि आलेल्यांचेही नाहीत. मग ते टेबलाच्या कडेनं चालत गेले, एकेका चेहऱ्यापाशी थांबत.

"तर मुलांनो, ते गेले. झेंडा उतरवला, बोटीत बसले आणि गेले. तुमचं नाक मोजणारा साहेब त्याच्या कितीतरी आधी मेला. तो सांगायला येणार नाही. म्हणून मी सांगतोय."

ते टेबलाच्या टोकाशी परत आले.

"झालं. उघडा डोळे."

काहीच झालं नाही.

ऊन तसंच होतं. बाहेर कोणीतरी सायकल उभी केली.

मग टेबलावरची पांढरी धूळ हलली. प्रत्येक चेहऱ्यापुढची, फुंकर घातल्यासारखी, दूरवर. आणि एक आवाज झाला, खूप ओझं उतरवल्यावर माणसं करतात तसा.

"चल," बाबा मला म्हणाले. "आपल्यासमोर उठायला लाजतील."

आम्ही बाहेर ओसरीवर उभे राहिलो. त्यांनी माझा हात धरला होता. त्यांचा हात गार होता.

आत परतलो तेव्हा चेहरे जागेवर होते. डोळे मिटलेलेच. मी एकेक उचलून खिडकीच्या उजेडात पाहिला.

माझ्या धंद्यात जिवंत माणसाचा साचा आणि मेलेल्याचा मुखवटा सहज ओळखता येतो. जिवंत माणूस कितीही स्वस्थ पडला तरी जबडा धरलेला असतो, कपाळात ताण असतो, पापणी मिटायला जोर लागलेला असतो. मेलेल्या चेहऱ्याचं सगळं सुटतं. गाल कानाकडे ओघळतात, पापणी नुसती टेकलेली असते.

सगळे सुटले होते. आयाच्या डोळ्यांभोवती एक सुरकुती नव्हती. विणकराचे ओठ किंचित विलगले होते. नवा तडा कुठे नव्हता, तासल्याची खूण नव्हती, दीडशे वर्षांचा तोच पिवळा पापुद्रा.

मी ते कापसात गुंडाळले, आणि संध्याकाळी गाडी आली. संचालकबाईंना मी जुने फोटो दाखवले. त्यांनी दोन्हीकडे बघितलं आणि म्हणाल्या, "उजेडाचा फरक असेल." मीही तेच धरून चालले.

त्यानंतर बाबांनी डबा घेऊन येणं बंद केलं. घरीच जेवतो म्हणाले, आणि खरंच नीट जेवायला लागले. अंग धरलं, रंग उजळला. "आता एकट्यानं घास उतरतो का?" मी एकदा चिडवलं. ते नुसते हसले.

परवा मी रजेवर घरी होते, तेव्हा दुपारी उशिरा त्या विद्यापीठातल्या एका बाईंचा फोन आला. फार सभ्य बोलल्या. संच सुखरूप पोहोचला, पण जरा घोळ झालाय म्हणाल्या. "आम्हाला जिवंत माणसांचे साचे येतील असं वाटलं होतं. हे मृतांचे मुखवटे आहेत. इतके शांत चेहरे मी पाहिले नव्हते." मग जरा थांबून म्हणाल्या, "आणि आमच्या कपाटातली प्रतही तशीच आहे. आजवर आम्हाला हे दिसलं कसं नाही, कळत नाही."

मी बाबांना सांगायला त्यांच्या खोलीत गेले. ते पलंगावर झोपले होते, भिंतीला अगदी चिकटून, अंग चोरून. बाकी सगळा पलंग मोकळा.

"बाबा, अहो, असे कडेला का, नीट मधे झोपा ना."

"असू दे," ते डोळे न उघडता म्हणाले. "त्यांची गावं आता कुठे सापडायची. रस्ता कळेपर्यंत टेकतात बिचारे."

त्यांच्या शेजारची गादी रिकामी होती, तरी दबलेली होती. मी बघत असताना ती कडेच्या बाजूनं हलकेच वर आली. आधी एका ठिकाणी, मग त्याच्या शेजारी, मग पुढे. घरची लेक आली म्हणून पाहुणे एकेक करून उठावेत, तशी.

पायथ्याशी एका लहानशा अंगाचा खळगा तेवढा राहिला. बाबांनी झोपेतच पाय आखडून घेतला आणि त्या बाजूला जरा अधिक जागा करून दिली.