चाळीस वेळा सुलटी

यावर तुमचा विश्वास बसणार नाही. आमच्या बेटावरच्या बर्नी गावात माझ्या कुठल्याच गोष्टीवर कुणाचा बसत नाही. पण माझं लग्न बिस्किटाएवढ्या एका मोटरने जमवलं!

त्या शनिवारी कचरा डेपोच्या भंगार दुकानात समुद्रावरचा झोंबरा वारा घुसला होता. एका मोडक्या मायक्रोवेव्हला मी डावीकडून हात घातला, आणि उजवीकडून... हिरव्या लोकरी टोपीतल्या एका मुलीने.

"अहो, सोडा! मला यातली थाळी फिरवायची मोटर हवीय."

"मलाही तीच हवीय."

"कशाला?"

"वाटाण्यावरचे पोपट हाकलायला. फिरतं बुजगावणं करतोय."

"मिनिटाला पाच फेऱ्या मारते ही. पोपट वर बसून झोके घेतील!"

डल्सी तिचं नाव. दुकानांच्या काचांमागे फिरत्या बाहुल्या मांडायची. तिने तिथेच तळाचा पत्रा कापला, मोटर काढून तळहातावर धरली.

"हिची एक खोड आहे. चालू केली की कधी सुलटी फिरते, कधी उलटी. मनाला येईल तशी. अडवलं, तर निमूट दिशा बदलते."

"माझ्यासारखीच की."

"तुम्हाला अजून कुणी अडवलंय कुठे..."

मग दर शनिवारी आम्ही फिरते आरसे, डुलणारे सांताक्लॉज उघडत बसायचो. बोटांना बोटं लागायची, स्क्रू सांडायचे... बोलायचं तेवढं राहून जायचं. आणि एके दिवशी ती म्हणाली, "पर्थला नोकरी लागलीय. उद्याची बोट."

मी सांडलेले स्क्रू वेचू लागलो.

"तू काही बोलायचा नाहीस, मर्व्ह. हिलाच विचारू." तिने मोटरच्या दांडीवर कागदी बाण चिकटवला. "घड्याळाच्या काट्यांसारखी सुलटी फिरली तर राहते. उलटी फिरली, तर — चालले."

मी वायर जोडली. आणि मंडळी, फिरली सुलटी! पुन्हा जोडली — सुलटी! चाळीस वेळा! मी बोटसुद्धा लावलं नाही—

"थापाड्या!" मंडळींना चहा ओतता ओतता माझी बायको डल्सी ओरडली. "पहिल्याच झटक्याला उलटी फिरली ती. हा पांढराफटक! अंगठ्याने बाण दाबून धरला, आणि म्हणाला, 'जाऊ नकोस, डल्सी.' त्यानंतर ती कुठल्या बाजूला फिरली, ते आम्ही दोघांनीही बघितलं नाही."