पाहुणा शब्द

चाचणीच्या खोलीत घड्याळ नव्हतं आणि कॅलेंडरही नव्हतं. ते मुद्दामच. समोरच्याला आजचा वार विचारायचा आणि उत्तर भिंतीवर टांगून ठेवायचं, हा कुठला न्याय? एक टेबल, दोन खुर्च्या, दुधी काचेची खिडकी आणि तिच्यातून दिवसभर झिरपणारा एकसारखा पांढरट उजेड. त्यात सकाळ कुठं संपली आणि दुपार कुठं लागली, हे रोज तिथं बसणारीलाही कळत नसे.

रोज बसणारी म्हणजे चाचणीवाली. संशोधन केंद्रात तिला सगळे याच नावानं ओळखत. विस्मरणाचा आजार वरवर दिसण्याआधी किती वर्षं पकडता येईल, याचा तिथं अभ्यास चालला होता. रक्त तपासणारे वेगळे, मेंदूच्या प्रतिमा काढणारे वेगळे. हिचं काम शब्दांचं. ढग, चमचा, पूल, माकड, रविवार. पाच शब्द सावकाश वाचायचे, दहा मिनिटं चित्रं काढायला लावायची आणि मग विचारायचं, "मघाचे शब्द सांगता का?" कुणी तीन सांगे, कुणी दोन. कुणी यादीत नसलेलाच शब्द ठोकून देई. अशा शब्दाला केंद्रात 'पाहुणा' म्हणत. पाहुणे बहुधा शेजारपाजारचेच असत. चमच्याऐवजी वाटी, रविवारऐवजी सोमवार.

एका मंगळवारी एक निवृत्त पोस्टमन चार शब्द बरोबर सांगून पाचव्याला अडला. मग एकदम खुलून म्हणाला, "महाराणी!"

चाचणीवालीचं पेन थबकलं. महाराणी हे तिच्या वडिलांच्या कात्रीचं नाव. बाबा शिंपी. चाळीस वर्षं ते त्या थोरल्या कात्रीला महाराणी म्हणत आले होते. आणि त्याच सकाळी ती कात्री हातात धरून त्यांनी लेकीला विचारलं होतं, "हे काय असतं गं?"

पुढच्या आठवड्यात, आईच्या कोटाला आपण कसलं अस्तर लावलं होतं, ते बाबांना आठवेना. त्याच दिवशी केंद्रात भूगोलाच्या एक बाई म्हणाल्या, "ढग, चमचा, पूल, माकड... आणि पिवळं अस्तर." म्हणताना त्यांच्या चेहऱ्यावर असं सुख होतं, की चूक आहे हे सांगायला जीभ रेटेना.

ती हिशेबी बाई होती. वहीत तारखा मांडल्या. सकाळी घरी हरवलेली गोष्ट दुपारच्या आत परक्याच्या तोंडून, आणि नेहमी पाचव्याच जागी. सात वेळा झाल्यावर ती डॉक्टरांकडे गेली.

"कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ," डॉक्टर म्हणाले.

"सात वेळा? कावळा बराच जड दिसतोय."

डॉक्टर हसले. तिला हसू आलं नाही, कारण तिला आता एकाच शब्दाची धास्ती होती. लहानपणी ती घरभर भिरभिरायची, म्हणून बाबांनी शिलाई मशीनमधल्या गरगर फिरणाऱ्या दोऱ्याच्या रिळावरून तिचं नाव पाडलं होतं बॉबिन. आई गेल्यावर त्या नावानं हाक मारणारं जगात एकच माणूस उरलं होतं. भाऊ नाही, बहीण नाही. घरात ती दोघंच. तिचं खरं नाव बाबा कधीचे विसरले होते. हा शब्द गेला की ती त्यांची कुणीच उरणार नव्हती.

मग तिनं जो तोडगा काढला, तो कुठल्याही चाचणीवालीनं काढू नये असा होता. चार शब्द झाले की ती म्हणायची, "छान, पुरे." पाचवा विचारायचाच नाही. रकान्यात लिहायचं, 'आठवला नाही.' दारच उघडलं नाही तर पाहुणा येतोय कशाला?

आणि गंमत म्हणजे ते लागू पडलं. दोन महिने बाबा काहीही विसरले नाहीत. रोज निघताना हाक यायची, "बॉबिन, डबा घेतलास का?" ती जिना हलक्या पायांनी उतरायची. लाज वाटत होती, पण आनंद लाजेहून मोठा होता.

एके दिवशी एक निवृत्त ग्रंथपाल आजी तिसऱ्यांदा चाचणीला आल्या. सोबत सून. मागच्या दोन्ही खेपांना त्यांचे चारच शब्द लागले होते, म्हणजे हिनंच चारावर थांबवलं होतं. बाहेर बाकावर सून डोळे पुसत होती. डॉक्टरांनी तिला सांगितलं होतं, आज तिसऱ्यांदाही पाचवा शब्द हुकला की निदान पक्कं.

"सूनबाई उगीच रडते हो," आजी खुर्चीत बसत म्हणाल्या. "मला सगळं आठवतं. तुम्हीच विचारत नाही."

चाचणीवालीनं शब्द वाचले. आजींनी चित्रं काढली. खोलीतला उजेड तसाच, दुधासारखा.

"ढग. चमचा. पूल. माकड."

'छान' हा शब्द तिच्या ओठांवर आला होता. तिनं तो गिळला. दुसऱ्याच्या घरातला दिवा विझवून आपला किती दिवस तेवत ठेवायचा?

"आणि पाचवा, आजी?"

आजींनी चित्राचा कागद तिच्याकडे सरकवला.

"रविवार."

बरोबर. पाचही बरोबर. तिनं सुटकेचा श्वास सोडला, तक्त्यात पाच लिहिले आणि खाली सही केली.

आजी दारापर्यंत गेल्या. तिथून वळून मायेनं म्हणाल्या, "येतो हं, बॉबिन."

ती घरी कशी पोचली, ते तिला कळलं नाही.

बाबा खिडकीपाशी बसले होते. ती समोर जाऊन उभी राहिली. हाक येईल म्हणून थांबली. डोळे आपोआप भरून आले.

बाबांनी वर पाहिलं. ओळखीचं, समजूतदार हसले.

"सूनबाई, परत रडतेस? अगं, मी कुठंच चुकले नाही आज."