नाव घातलेलं गाणं

रोज सकाळी माझं पहिलं काम असतं लाळ काढण्याचं.

इजिप्तमधल्या तांता शहरातल्या आमच्या घरी, मागच्या खोलीत, मी लग्नाच्या वरातीची गाणी बनवते. गाणं एकच असतं, फक्त वधूवरांची नावं बदलतात. दुपारची अजान झाली की कौसर मावशी येते, आतून गाद्या ठोकलेल्या कपाटात उभी राहून नावं गाते आणि असरच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या अजानआधी चहा पिऊन जाते. दुसऱ्या दिवशी मी हेडफोन लावून तिच्या ओठांची चपचप, घोट, दातांतून ओढलेला श्वास वेचून कापते. दुसऱ्याच्या तोंडात राहिल्यासारखं वाटतं. भौतिकशास्त्राच्या पदवीचा हा उपयोग.

शेजारच्या महल्ला शहरातल्या एका मुलीच्या नावामागे मला चावण्याचा आवाज ऐकू आला. सावकाश, ओला, तोंड न मिटता चावल्यासारखा.

"मावशी, काल गाताना काय खात होतीस?"

"तुझ्याकडे खायला मिळतं कुठे? चहासुद्धा फिका."

मी स्क्रीनवर आवाजाचा आलेख पाहिला. आवाज माइकच्या जितका जवळ, तितका त्याचा खर्ज फुगतो. मावशी वीतभर लांब उभी राहते. हा आवाज त्याहून जवळचा होता, जाळीच्या आतला. मी माइक उघडला. आतला स्पंज चिकट होता, आणि त्याला दात न घासलेल्या तोंडाचा वास येत होता. मी स्पंज साबणाने धुतला, हात धुतले, पुन्हा धुतले. रिकामं कपाट रेकॉर्ड करून पाहिलं. त्यात काहीच नव्हतं.

चावणं कापून मी गाणं पाठवलं. लग्नानंतर त्या मुलीच्या आईचा फोन आला.

"गाणं छान झालं गं. पण आमच्या सगळ्यांची जीभ अडकते. आता माझ्या... माझ्या..."

फोनवर मचमच ऐकू आली. मग घोट.

"बघ," ती हसली, "पोटच्या पोरीचं नाव तोंडात येईना."

मी स्क्रीनकडे पाहिलं. नाव तिथे लिहिलेलं होतं. डोळ्यांना अक्षरं दिसत होती, पण तोंडाने ती म्हणता येईनात.

मी तो माइक टाकून नवा आणला. आणि धाकट्या बहिणीचं नाव या कपाटात गायचं नाही असं ठरवलं. शुक्रवारी तिचं लग्न होतं.

"अख्ख्या गावच्या पोरींना गाणं," ती म्हणाली, "आणि सख्खी बहीण बिननावाची?"

"नको म्हटलं ना."

"सरळ सांग ना ताई, तुझ्या आधी माझं होतंय म्हणून जळतेस."

मी रागाने पाव आणायला खाली गेले. परत आले तेव्हा मावशी घाम पुसत कपाटातून बाहेर येत होती, आणि बहीण माझ्या खुर्चीत बसून टाळ्या वाजवत होती.

"चिडू नकोस," मावशी म्हणाली. "नवरीचा हट्ट मोडता येतो का?"

मी हेडफोन लावले. नाव स्वच्छ होतं. त्यामागे चावणं नव्हतं. मला हायसं वाटलं.

मग एकदाच, न चावता गिळल्याचा आवाज आला.

मी सगळं पुसून टाकलं.

शुक्रवारी मशिदीत बाबांनी वजदीचा, होणाऱ्या जावयाचा हात हातात घेतला. वर पांढरा रुमाल पसरला होता. निकाह लावणारे शेख एकेक वाक्य सांगत होते, बाबा मागून म्हणत होते. वधूच्या नावाशी शेख थांबले. त्यांनी ओळखपत्र डोळ्यांजवळ धरलं.

त्यांचा जबडा हलू लागला. दाढीत लाळ उतरली.

"पुढे बोला ना, शेखसाहेब," वजदी हळूच म्हणाला.

बाबांनी स्वतःच प्रयत्न केला. त्यांचाही जबडा हलला. नाव घेतल्याशिवाय लग्न लागत नाही.

बायकांच्या रांगेत बहिणीने माझा हात घट्ट धरला. तिची हनुवटी ओली होती.

"ताई, तू सांग त्यांना. मला म्हणता येत नाहीये."

मी तोंड उघडलं.

जिभेवर काहीतरी कोमट, गोडसर आलं. कुणीतरी आधीच चावलेलं.

मशिदीत थुंकता येत नाही. मी ते गिळलं.