कप्पा बंद करण्याआधी

हुबळीत जहाजाचं काम चालतं असं सांगितलं की पाहुणे आधी हसतात, मग विचारतात, उणकल तलावात सोडता का? सोडत नाही. आमच्या शेडमध्ये जहाजाच्या तळाचे पोलादी कप्पे तयार होतात, ट्रेलरवर चढतात, घाट उतरतात आणि किनाऱ्यावरच्या गोदीत जहाजाला जोडले जातात. वेल्डिंग रोबोट करतो आणि त्या रोबोटला सांभाळते मी, दीक्षा. भुताखेतांवर माझा विश्वास नाही. आमच्या घरात कुणाचाच नव्हता. तरी घडलं तसं सांगते. मध्ये बोलू नका.

रोबोटला हे काम माझ्या वडिलांनी शिकवलं. अप्पा, म्हणजे जोतिबा, जुने वेल्डर. पाटीवर मुलाचा हात धरून गिरवून घेतात तसा त्यांनी यंत्राचा हात धरून एकेका सांध्यावरून फिरवला आणि यंत्राने तो मार्ग लक्षात ठेवला. त्यात अप्पांनी आपली एक सवयही घातली. कप्प्याचं शेवटचं झाकण बसलं की ते हातोडीने दोनदा वाजवायचे आणि ऐकत थांबायचे. आत चुकून कुणी राहिलं असेल तर त्याने एकदा वाजवून उत्तर द्यायचं. रोबोटही वेल्डिंगच्या तारेचं टोक दोनदा पत्र्याला टेकवून थांबू लागला.

गेल्या वर्षी अशाच एका कप्प्यात अप्पा गेले. वेल्डिंगचा गॅस नळीतून गळत होता. त्याला रंग नाही, वास नाही. हवेपेक्षा जड, तो तळाशी साचतो आणि माणसाला नकळत झोप लागते. त्यानंतर नियम झाला, आत शिरणाऱ्याने आपलं हेल्मेट बाहेर कप्प्याच्या तोंडाशी अडकवायचं. हेल्मेट दिसलं की समजायचं, आत माणूस आहे. रोबोटचं टेकणं राहिलं, थांबणं मात्र आमच्या मॅनेजरनी, राघवेंद्र सरांनी, काढून टाकायला लावलं. यंत्राला कान नाहीत, ते थांबून काय ऐकणार, असं ते म्हणाले. मला फार लागलं ते. पण म्हणणं खोटं नव्हतं.

यंदा खंडेनवमीच्या दिवशी दुपारी पूजा होती. पूजा झाली की दसऱ्यापर्यंत कुणी हत्याराला हात लावत नाही, म्हणून एक कप्पा त्याआधी बंद व्हायला हवा होता. सगळे पलीकडच्या टोकाला यंत्रं धूत होते. कधी नव्हे ते ग्राइंडर बंद होते. ओल्या फरशीचा, झेंडूचा आणि उदबत्तीचा वास शेडभर भरला होता. क्रेनने झाकण ठेवून ते हलू नये म्हणून चार जागी वेल्डिंगचे टाके मारून झाले होते. मी बटण दाबलं.

रोबोटचा हात खाली आला. पत्र्याला टेकला. टक. टक. आणि थांबला.

मी रोबोटच्या पॅनेलचा पडदा पाहिला. बिघाड काही नव्हता. पुन्हा बटण दाबलं. हात वर गेला, खाली आला, दोनदा टेकला आणि पुन्हा तसाच थांबला. काढून टाकलेली गोष्ट हा कुठून आठवतोय, असं मनात येतंय तोच...

आतून एकदा वाजलं.

मागे झाडू घेऊन दुर्गव्वा उभी होती. शेड तीच झाडते. तिनेही ऐकलं होतं.

"अक्का," ती कुजबुजली, "ओळग यारो अदार... आत कोणतरी हाय."

"हेल्मेट कुठं होतं तोंडाशी?"

तिने हात वर करून दाखवलं. पूजेच्या टेबलावर धुऊन पुसून, कुंकवाची बोटं लावून सगळी हेल्मेटं ओळीत मांडली होती. कडेच्या हेल्मेटवर माझ्या भावाचं नाव होतं. रवी.

"पूजेला पाहिजेत म्हणून मीच गोळा केली... तिथलंबी काढलं..."

रवी आमचा फिटर. जाणारा माल स्वच्छ असावा म्हणून कचरा काढायला तो आत शिरला असणार. टाके कापून झाकण उचलेपर्यंत मी काय ओरडत होते ते मला आठवत नाही. लोकांनी आधी पंखा लावून आत हवा सोडली. अप्पांच्या वेळी ते सुचलं नव्हतं. रवी आतल्या मागच्या आडव्या पत्र्याजवळ पडला होता, तळाशी तोच गॅस साचला होता. ओठ निळे, श्वास जेमतेम.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, थोडा उशीर झाला असता तर संपलं होतं. याने आतून वाजवलं, मी सांगितलं. त्यांनी नकारार्थी मान हलवली. या अवस्थेत माणूस बोटसुद्धा उचलू शकत नाही, म्हणाले.

संध्याकाळी रवीने डोळे उघडले.

"अक्का... अप्पांच्या मांडीवर डोकं होतं माझं. झोपू नको म्हणत होते. हातोडीनं वाजवलं त्यांनी..."

"पडून राहा, रवी."

"त्यांना काढलासा नव्हं बाहेर?"

मी त्याचा हात धरला आणि म्हणाले, "काढलं की."

दसऱ्यानंतर तोच कप्पा पुन्हा समोर आला. मी स्वतः बॅटरी घेऊन आत गेले, कोपरा न् कोपरा पाहिला. काही नव्हतं. बाहेरून आत हवा सोडणारा पंखा भणभणत होता. झाकण बसलं, मी बटण दाबलं. रोबोट दोनदा टेकला आणि न थांबता सरळ पुढे गेला. सांधा इतका सुरेख उतरला की राघवेंद्र सर खूश झाले.

कप्पा ट्रेलरवर चढला. ड्रायव्हर साखळ्या आवळत होता. मी घरून अप्पांची हातोडी आणली होती, का ते विचारू नका. पत्र्यावर दोनदा वाजवलं आणि कान लावला.

आतून एकदा वाजलं. सावकाश, ओळखीचं.

काय सांगणार होते मी? रिकामा पाहून बंद केलेला कप्पा पुन्हा कापा, आत माझे वडील आहेत? सगळे माझ्याकडे बघत होते. मी बाजूला झाले. ट्रेलर फाटकातून बाहेर पडला आणि कारवारच्या रस्त्याला लागला. आता तो कप्पा पाण्याखाली आहे.

रवी बरा आहे, कामावर येतो. त्याला मी हे सांगितलेलं नाही. दरवेळी झाकण बसायच्या आधी मी बॅटरी घेऊन आत शिरते, नावं घेऊन हाका मारते, लोक हसतात तरी मारते. कारण तो कप्पा गेला त्या दिवसापासून रोबोट एकदाही थांबलेला नाही. गेल्या आठवड्यात पाहायचं म्हणून मी रवीला एका कप्प्यात बसवलं, झाकण ठेवलं आणि बटण दाबलं.

हात दोनदा टेकला. आतून रवीने वाजवलं. आणि रोबोटने वेल्डिंग सुरू केलं.