चाकावरची बदली

हे खरं आहे. ज्याला पटत नसेल त्याने इथेच थांबावं. मला वाद घालायला वेळ नाही, आणि अंगात ताकद तर अजिबातच उरलेली नाही.

आणि भुतं रात्रीच येतात हे कुणी ठरवलं? आमच्याकडे आलं ते भर दुपारी, जेवणं उरकल्यावर. गेल्या हिवाळ्यात.

आधी घरचं सांगते, नाहीतर कुणाला काही कळायचं नाही.

आमचं घर बंदरामागच्या गल्लीत, तिसऱ्या मजल्यावर. मी कपडे शिवते. बाबा जन्मभर जहाजावर सुकाणी होते, म्हणजे चाक धरणारे. कप्तान आकडा सांगतो, सुकाणी होकायंत्रावर तो आकडा धरून उभा राहतो. धाकटा भाऊही त्याच कामाला लागला.

या कामाचा एक नियम आहे. बदलीचा माणूस आला की आधीच्याने आकडा सांगायचा. नव्याने तोच आकडा परत म्हणायचा. मग आधीचा म्हणतो, "सोडलं." तोवर चाकावरचा हात काढायचा नाही, आभाळ कोसळलं तरी. धाकट्याकडून हे बाबांनी लहानपणीच घोटून घेतलं होतं.

त्या हिवाळ्यात त्याचं जहाज आमच्याच बंदराकडे निघालं होतं. भर समुद्रात माल एका बाजूला सरकला आणि जहाज कललं. धुकं तर मी म्हणत होतं. सगळे घाईघाईने होड्यांमध्ये उतरले. जहाजाचं इंजिन चालूच राहिलं.

होड्यांमधली माणसं मोजली, तर एक कमी.

धाकटा चाकावर उभा होता. त्याची बदली करायचं कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

जहाज धुक्यात निघून गेलं. ते सापडलं नाही, तोही सापडला नाही. बातमी ऐकली आणि बाबांना झटका आला. उजवं अंग लुळं पडलं, जीभ जड झाली. त्यांना सगळं कळतं, पण शब्द बाहेर पडत नाही. एका "पाणी"साठी घाम फुटतो बिचाऱ्यांना.

तर ती दुपार...

मी मशीनवर बसले होते. बाबा खुर्चीत पेंगत होते.

अचानक मशीनचा आवाज गेला. सुई खालीवर होत होती, मी पाय मारत होते, पण आवाज नाही... रस्त्यावरचे हॉर्नही नाहीत.

टेबलावरचं रीळ घरंगळलं, पश्चिमेच्या भिंतीकडून पूर्वेच्या खिडकीकडे. बाबांच्या ग्लासातलं पाणी एका कडेला चढलं... आणि तसंच राहिलं.

मग पायांखालून घरघर सुरू झाली.

आणि पश्चिमेच्या भिंतीतून...

"शून्य आठ नऊ."

धाकट्याचा आवाज. घसा बसलेला, कित्येक दिवस डोळ्याला डोळा न लागलेल्या माणसाचा.

दिसत काही नव्हतं. आवाज मात्र खोलीतून पुढे सरकत होता. बाबा उठायला धडपडत होते. तोंड उघडत होते, पण "शू... शू..." यापुढे गाडी जाईना. ज्यांना काय म्हणायचं ते ठाऊक होतं त्यांना बोलता येत नव्हतं. आणि जिची जीभ एरवी कात्रीसारखी चालते त्या मला काही सुचत नव्हतं.

"शून्य आठ नऊ..."

खिडकीतून बाहेर गेला तो. पाठोपाठ हॉर्न ऐकू यायला लागले.

बाबा त्या दिवशी लहान मुलासारखे रडले. मी त्यांची समजूत घातली. म्हटलं, पृथ्वी गोल आहे ना, सरळ जाणारा माणूस फिरून इथेच येणार. पुढच्या वेळी आकडा मी म्हणेन.

बाबांनी मान हलवली. नाही.

शेजारच्या पोराचा रबरी चेंडू आणि माझा शिवणाचा खडू त्यांनी खुणेने मागून घेतला. चेंडू मी धरला, त्यांनी डाव्या हाताने रेघ काढली. नव्वद आकडा म्हणजे थेट पूर्व. तो धरून गेलं तर रेघ चेंडूला वळसा घालून स्वतःलाच येऊन मिळते. पण एकोणनव्वद म्हणजे पूर्वेपेक्षा केसभर उत्तरेकडे. होकायंत्रावर तोच आकडा धरून ठेवला, तर फेरी पुरी झाल्यावर रेघ निघाली तिथे येत नाही. जरा वर येते. पुढच्या फेरीला आणखी वर. सफरचंदाचं साल एका पट्टीत सोलत देठाकडे जावं, तसं. सपाट नकाशात ही रेघ अगदी सरळ दिसते. गोल पृथ्वीवर ती घरी परत येतच नाही.

आमचा वेडा इमानेइतबारे आकडा धरून उभा राहणार, आणि त्यामुळेच आमच्यापासून लांब लांब जाणार.

पुढची फेरी उत्तरेच्या एका गावावरून जायची होती. जहाजाच्या वेगाने दोन-अडीच महिने. आम्ही रेल्वेने आधीच जाऊन पोचलो. नेमकी जागा कशी कळली ते मला विचारू नका. बाजारातल्या एका सलूनसमोर बाबा थांबले आणि तिथून हलेचनात. मग वरच्या लॉजमध्ये खोली घेतली.

सलूनवाला मोठा लाघवी माणूस. बाबा रोज सकाळपासून त्याच्याकडे बसायचे. बाबांचा शब्द अडकला की तो पुरा करायचा. बाबा "च... च..." करायचे, की हा म्हणायचा, "चहा ना काका?" बरोबर निघालं की स्वतःच खूश. झटक्यानंतर बाबांना पहिल्यांदा हसवलं ते त्याने. मी मनातून त्याला आशीर्वाद दिले होते.

त्या दिवशी बाबा दाढीला बसले होते. गालांवर साबण. मी बाजूला उभी.

पंख्याचा आवाज गेला...

वाडग्यातलं पाणी कडेला चढलं. फळीवरच्या बाटल्या एकेक करून सरकायला लागल्या.

"शून्य आठ नऊ."

मी तयार होते. दोन महिने तयार होते. तोंड उघडलं, आणि बाबांनी डाव्या हाताने माझं तोंड गच्च दाबून धरलं. एवढा जोर त्या हातात कुठून आला कोण जाणे. त्यांना स्वतःलाच म्हणायचं होतं. "शू... शू..."

सलूनवाला वाकला. सवयीने, हसत, म्हणाला, "शून्य आठ नऊ, हो ना काका?"

क्षणभर काहीच नाही.

मग माझ्या कानाशी, "सोडलं."

माझा धाकटा. इतका थकलेला, इतका सुटलेला आवाज मी आयुष्यात ऐकला नाही. मला रडू फुटलं, आनंदाने. हो, आनंदाने.

पंखा वाजायला लागला. वस्तरा खाली पडलेला होता. सलूनवाला दोन्ही मुठी छातीसमोर धरून, समोरच्या भिंतीकडे बघत उभा होता.

"केवढं जड आहे हो," तो म्हणाला.

आणि कोसळला.

डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. त्याच्या मुठी शेवटपर्यंत उघडल्या नाहीत. आकडा परत म्हणणारा नुसता बोलत नाही, तो चाक हातात घेतो. बाबांना हे आधीपासून ठाऊक होतं. मला त्यांनी सांगितलंच नव्हतं.

मध्यंतरी सलूनवाल्याची बायको लॉजमधून पत्ता काढून आमच्या दारात आली. तिचा एकच प्रश्न होता, त्याने मुठीत काय धरलं होतं? मी थाप मारणार होते. बाबांनी चेंडू पुढे केला. मग मला तिला सगळं सांगावंच लागलं. रेघ पुढे कुठे जाते, हेही.

तिने रेघेवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "माझी दोन लेकरं आहेत, ताई. नाहीतर मीच गेले असते."

बाबांनी स्वतःच्या छातीवर हात ठेवला.

तेव्हापासून ती इथेच मुक्कामाला आहे. लेकरं तिच्या आईकडे आहेत. रोज सकाळी बाबांच्या समोर बसते. बाबा "शू..." म्हणून अडकतात. ती त्यांचा शब्द पुरा करत नाही. नुसती वाट बघते.

मी बाबांशी भांडले. अबोला धरला. पाया पडले. मी जाते म्हणाले, तर त्यांनी ताट भिरकावून दिलं. तिला घराबाहेर काढायला गेले, तर ती उंबऱ्यातच बसून राहिली, आणि तिचं तोंड बघून माझ्याने काही बोलवेना. तिचा माणूस आमच्यापायी उभा आहे तिकडे. आणि उद्या बाबा उभे राहिले, तर त्यांची बदली कोण करणार? वर, अगदी देठापाशी, माणूस तरी असतो का कुणी?

काल बाबांनी तिन्ही शब्द सलग म्हटले. स्पष्ट, झटक्याच्या आधी बोलायचे तसे.

संध्याकाळी ती तिकिटं काढून आली. ती आंघोळीला गेली तेव्हा मी तिची पिशवी उघडून पाहिली.

जायची दोन आहेत. यायचं एक.