दिवे लाव, हॉलिस

ते एक लाकूड सारा जरा शेकोटीत. हं. आणि तो फोन खिशात घाल रे, उजेड नको आत्ता. हॉलिस ब्रँटचं मी सांगतो ते ऐका. थोडं मी स्वतः पाहिलंय, बाकीचं त्याने माझ्या टो गाडीत, बंद गाड्या ओढायच्या ट्रकमध्ये, बसून सांगितलं. खोटं बोलण्यातला तो माणूस नव्हता. म्हणजे, एकदा बोलला होता. पण ते पुढे येईल.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. १३ नोव्हेंबर २०२३, सोमवार, अमावस्या. हॉलिस तेव्हा शहात्तर वर्षांचा. दुपारी तो पंपाची मोटर पिकपमध्ये टाकून व्हर्ना डाउडकडे निघाला. तिच्या विहिरीचा पंप जळला होता. व्हर्नाचं घर कोरड्या तळ्याच्या पलीकडे, त्याच्या घरापासून चाळीस मैल. तिचं काही मोडलं की हॉलिसच जायचा. छप्पर, कुंपण, फ्रिज, सगळं. चाळीस वर्षं. लोक मागे काहीबाही बोलायचे, पण तसलं काही नव्हतं त्यात.

मोटर बसवून होईस्तोवर रात्रीचे नऊ वाजले. व्हर्नाने बळेच जेवायला बसवलं. राजमा घातलेलं बीफ आणि मक्याचा पाव.

“घे अजून. हाडं दिसायला लागलीत तुझी.”

“पाव कडक झालाय, व्हर्ना.”

“तुझे दात कच्चे झालेत. पावाला नावं ठेवू नकोस.”

निघताना तो नेहमीसारखा दारात घुटमळला. टोपी हातात फिरवत. व्हर्ना बघत राहिली.

“तुला काहीतरी सांगायचं असतं, हॉलिस. दर वेळी. आणि मग तू हवापाण्याचं बोलतोस.”

“उद्या वारा सुटणार म्हणतात,” हॉलिस म्हणाला.

“जा. पोचलास की एक रिंग दे.”

आता तो काय सांगत नव्हता, ते ऐका.

हॉलिस वैमानिक होता, हे गावात सगळ्यांना माहीत होतं. काय उडवायचा, ते कुणालाच नाही. सोमवारी पहाटे एक साधं पांढरं विमान येऊन त्याला न्यायचं, शुक्रवारी आणून सोडायचं. बायकोलाही सांगायची सोय नव्हती. ती कंटाळून निघून गेली, तेव्हाही याने तोंड उघडलं नाही. गुप्ततेच्या कागदांवर सह्या केल्या होत्या ना. लष्कराचा तळ इथून उत्तरेला, डोंगरांच्या आड. तिथे ती माणसं दिवसा झोपायची, खिडक्यांना काळा कागद लावून. रात्री उडायची. रडारला दिसू नये म्हणून घडवलेली विमानं. नवं विमान पहिल्यांदा हवेत न्यायचं, ते नीट उडतं का मोडतं ते बघायचं, हे यांचं काम. हॉलिसने चार विमानं अशी पारखली. पाचव्याची पाळी एनिसकडे आली.

एनिस डाउड. व्हर्नाचा नवरा. एकतीस वर्षांचा, सारखा गुणगुणणारा, पत्त्यांत उघड उघड लबाडी करणारा. हॉलिसचा जिवाभावाचा दोस्त.

६ ऑक्टोबर १९८३, गुरुवार. तीही अमावस्याच. एनिस वर, हॉलिस खाली मनोऱ्यात रेडिओवर. वरच्याशी बोलायला वैमानिकच बसवायचे, त्याची भाषा त्यालाच कळते म्हणून. दहा वाजून चाळीस मिनिटांनी एनिसच्या विमानातली वीज गेली. दिवे गेले, सगळे काटे गेले. उरला बॅटरीवरचा एक रेडिओ.

“हॉलिस, मी दिसतोय का तुला?”

रडारवर काही नव्हतं. असणार कसं? ते तसंच तर बनवलं होतं.

“नाही दिसत. आसनासकट बाहेर उडी मार, एनिस.”

“आसन सुटत नाहीये. दोनदा ओढून पाहिलं. धावपट्टीचे दिवे लाव, मी उतरवतो.”

हॉलिसचा हात बटणावर गेला. मागे त्यांचा वरिष्ठ, कर्नल पेल, उभा होता.

“हात खाली घे.”

“सर, तो आंधळा उडतोय.”

“डोक्यावर परक्यांचा हेरगिरीचा उपग्रह आहे. अकरा मिनिटांनी जाईल. तोवर एक काडीसुद्धा पेटणार नाही इथे.”

“अकरा मिनिटं नाहीत त्याच्याकडे!”

“हात खाली, ब्रँट.”

आणि हॉलिसने हात खाली घेतला. कुणी धरला नव्हता. बंदूक रोखली नव्हती. त्यानेच घेतला.

एनिस विचारत राहिला. ओरडला नाही. दिवे लाव, हॉलिस. तळ कुठल्या बाजूला आहे? दिवे लावलेस का? आठव्या मिनिटाला आवाज बंद झाला. बाराव्या मिनिटाला पेलने मान हलवली आणि सगळी धावपट्टी लखलखली, दोन मैल. बघायला वर कुणी नव्हतं.

व्हर्नाला सांगायला हॉलिसलाच पाठवलं. साधं सरावाचं विमान होतं, अ‍ॅरिझोनात पडलं, त्याला काही कळलंही नसेल. शवपेटी बंद. तिने फक्त विचारलं, “तू होतास तिथे?” हॉलिस म्हणाला, नाही.

तर त्या सोमवारी. तळ्यातून आडवं गेलं की बारा मैल वाचतात, म्हणून तो पिकप तळ्यात घालायचा. तळं म्हणजे नावाला, पाण्याचा थेंब नाही. टेबलासारखी सपाट, पांढरी, भेगाळलेली माती. मधोमध आला आणि गाडी बंद पडली. धडधडली नाही, आचके दिले नाहीत. बंद. पुढचे दिवे गेले, आतला दिवा गेला.

त्याने किल्ली फिरवली. काही नाही. पुन्हा. काही नाही. फोन काढला. रेंज नव्हती. दहा चाळीस झाले होते.

मग रेडिओ खरखरला.

गाडी मेलेली. बॅटरी मेलेली. रेडिओचा दिवासुद्धा लागलेला नव्हता.

“हॉलिस, मी दिसतोय का तुला?”

आवाज म्हातारा झाला नव्हता.

हॉलिसने रेडिओचं बटण फिरवलं. बंद केलं. खरखर चालूच.

“आसन सुटत नाहीये. दोनदा ओढून पाहिलं...”

तो दार उघडून खाली उतरला. थंडी मी म्हणत होती. वर नुसत्या चांदण्या. कुठेच आवाज नाही, इंजिनाचा नाही, कोल्ह्याचा नाही. फक्त उघड्या दारातून ते...

“धावपट्टीचे दिवे लाव.”

“लावतो!” हॉलिस ओरडला. “थांब, लावतो!”

कशाचे लावणार? आत वाकून त्याने दिव्यांचा खटका ओढला. खटखट. खटखट. खटखट. इतक्या वेळा, की शेवटी तो तुटून हातात आला. या वेळी कुणी मागे उभं नव्हतं. कुणी अडवत नव्हतं. आणि दिवा नव्हता.

फोनची बत्ती आठवली. लावली. दोन्ही हातांनी डोक्यावर धरून उभा राहिला. एवढ्या मोठ्या तळ्यात काजव्याएवढा उजेड.

“एनिस! इकडे! मी इथे आहे!”

“...तळ कुठल्या बाजूला आहे?”

“इकडे!”

“...काही दिसत नाही रे.”

त्याने हात खाली घेतले नाहीत. सहा मिनिटं. सात. तो रडत होता, हे त्याला नंतर कळलं. आठव्या मिनिटाला फोन विझला.

काळोख.

रेडिओ गप्प.

मग पश्चिमेकडच्या चांदण्या जायला लागल्या. एक एक नाही. एकदम चार. मग आठ. काहीतरी काळं, टोकदार, त्यांच्या खालून सरकत होतं. आवाज नाही. वारा नाही. खाली येत होतं...

हॉलिसने डोळे मिटले. तोंडावर हात घेतले. तसाच उभा राहिला.

किती वेळ... त्याला सांगता आलं नाही.

रिंग आली नाही म्हणून व्हर्नाने पहाटे मला उठवलं. तिला गाडीत घेऊन मी तळ्यात शिरलो, तेव्हा नुकतं फटफटत होतं. हॉलिस पिकपच्या पुढे उभा होता, ओठ निळे पडलेले. मी घोंगडी टाकली अंगावर. त्याने ती घेतलीही नाही. व्हर्नाकडे बघून म्हणाला, “मी होतो तिथे.”

आणि मग सगळं सांगितलं. उभ्या उभ्या. बटणाचंसुद्धा.

व्हर्ना एक पाऊल पुढे आली. मला वाटलं, मारते आता त्याला.

“माझ्या घरातला खिळा न् खिळा ठोकलास तू,” ती म्हणाली. “चाळीस वर्षं. आणि एवढं एक सांगायला...” हॉलिस मान खाली घालून उभा.

मी उगाच पिकपकडे गेलो. किल्ली फिरवली. पहिल्या झटक्यात सुरू. दिवे लखलखीत. बॅटरी भरलेली.

त्या उजेडात व्हर्ना मागे वळली, आणि मी उतरताच तिने माझी बाही धरली.

मातीवर चाकोऱ्या होत्या. तीन. मधोमध एक, दोन्ही अंगांना दोन, उतरलेल्या विमानाच्या चाकांसारख्या, ताज्या, तळहाताइतक्या रुंद. मी त्यांच्या कडेने उलटा चालत गेलो, पाऊण मैल. तिथे त्या सुरू होत होत्या, कोऱ्या मातीत, आधी काही नाही. तिथून सरळ रेघेत पिकपकडे आल्या होत्या. आणि हॉलिस जिथे उभा होता, तिथून दहा पावलांवर थांबल्या होत्या.

वळल्याची खूण नव्हती. पुढे गेल्याची नव्हती. परत गेल्याची... तीही नव्हती.