रेवणसिद्धचा रकाना

सिव्हिल इंजिनीअरिंगच्या अंतिम वर्षाला आम्ही त्रेचाळीस जण होतो. मुलं बेचाळीस, मुलगी एक. प्रोजेक्टसाठी जोड्या लावायच्या होत्या; एकवीस लागल्या. मी, महानंदा, उरले.

म्हणून शहात्तरच्या जानेवारीत विजापूर रोडवरच्या एका शाळेच्या बांधकामावर मी एकटीच वही घेऊन उभी राहायची. विषय होता मजुरांचा वेळ. दर दहा मिनिटांनी मान वर करायची आणि प्रत्येकाच्या रकान्यात ‘काम’ किंवा ‘उभा’ लिहायचं. कुणाशी बोलायचं नाही, हा नियम माझाच. तसंही कोण बोलणार होतं... डबा उघडला की गवंडी लांब जाऊन बसायचे.

नियम मोडला तो साइटवरच्या सुपरवायझरनं, रेवणसिद्धनं.

“बाई, आमचं काय लिवलं?”

“उभा.”

“उभा न्हाय की. बघतोय.”

“बघण्याला रकाना नाही.”

“मग आखा की एक. पट्टी देऊ?”

मी मान खाली घातली. पुढच्या नोंदीला अजून चार मिनिटं होती — आणि मला ती फार वाटली.

सहा दिवसांत त्याच्या नोंदी झाल्या दोनशे अठ्ठ्याऐंशी. त्यातल्या ‘उभा’ एकशे एकवीस. ठेकेदार आबासाहेबांनी परवानगी देतानाच बजावलं होतं, “पोरी, शनिवारी तक्ता मला दावायचा. तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त जो उभा दिसंल, त्याला घरी धाडतो.”

मला वाटलं, मी समोर असते म्हणून हा थांबतो. माझ्या मागे तो काम करतो असं दिसलं, तर त्याचा रकाना प्रामाणिकपणे वगळता येईल. शुक्रवारी मी समोरच्या गच्चीवर, वाळत घातलेल्या चादरींआड बसले. चार वाजेपर्यंत बेचाळीस नोंदी. ‘उभा’ वीस. वीसही वेळा तोंड फाटकाकडे.

चार वाजता मी खाली उतरले, फाटकातून आत गेले आणि वही त्याच्या हातात दिली. त्यानं सावकाश वाचली.

“ह्योच तक्ता देणार?”

“खोटा देता येत नाही मला.”

“देऊ पन नका. माळशिरसला काम निघालंय, बघतो तितं.” त्यानं वही मिटून परत दिली. “पन तितल्या फाटकातनं कोण येणार...”

“निकाल लागला की मी येईन,” मी म्हणाले. “वही न घेता.”

सोमवारी तो साइटवर नव्हता. पुढचे अठरा दिवस त्याचा रकाना कोरा गेला. मी दर दहा मिनिटांनी त्याच्या जागेकडेही बघायची.

काल निकाल लागला. उद्या सकाळची माळशिरसची एसटी आहे. वही ट्रंकेत ठेवण्याआधी त्या शुक्रवारचं पान पुन्हा काढलं. शेवटचा तास मी अहवालात घातला नव्हता.

चार ते पाच. नोंदी सहा. रेवणसिद्ध : काम शून्य. महानंदा : काम शून्य.